पोरगं म्हणतंय बारावी सोडतो आणि युरोपात प्रो बास्केटबॉल खेळतो. काय सांगू त्याला?

टॉवेलवाला

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे आठ लूम आहेत. क्रिकेट सोडून खेळातलं मला काही कळत नाही, त्यामुळं लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या.

पोरगं सतरा वर्षाचं. अकरावी कॉमर्स झाली, आता बारावीला गेलाय म्हणजे नावालाच गेलाय. उंची सहा फूट पाच इंच. आमच्या खानदानात सहा फूट कुणी बघितलेला नाही, आजोळाकडून आलंय असं बायको म्हणते आणि यावर मी वाद घालत नाही. सातवीत असताना सरांनी वर्गाच्या दारात उंची बघूनच उचलला, तेव्हापासनं बास्केटबॉल आणि बास्केटबॉलच. जिल्हा झालं, विभाग झालं, मागच्या वर्षी स्टेटला टीम सेमीला हरली तर दोन दिवस जेवला नाही. घरामागच्या ग्राउंडवर सिमेंटचं कोर्ट आहे, तिथल्या रिंगला जाळी टिकत नाही, पोरं लोंबकळून फाडतात, तर हा कारखान्यातलं सूत नेतो आणि स्वतः विणून जाळी बांधतो. पावसात ती सुती जाळी भिजून आखडते, बॉल मधेच अडकतो, मग खालून उडी मारून मुठीनं बाहेर काढायचा. रात्री दहाला बोलवायला गेलो तरी हेच चाललेलं असतं.

आता मुद्दा. दोन महिन्यापूर्वी इन्स्टावर एका माणसानं याला मेसेज केला. एजंट आहे म्हणतो. याचे व्हिडिओ बघितले, युरोपात एका प्रो अकॅडमीत घालतो, सहा महिने ट्रेनिंग, मग क्लबचं कॉन्ट्रॅक्ट, महिना दोन हजार युरो. त्यासाठी आधी साडेचार लाख आपण भरायचे. व्हिसा सुरुवातीला टुरिस्ट, पुढचं तिकडं गेल्यावर बघू. ऑगस्टमध्ये निघायचं म्हणजे बारावी गेलीच. मी म्हटलं अहो निदान फेब्रुवारीत परीक्षा तरी देऊ दे, तर म्हणतो सर तुम्ही अजून शाळेत अडकलाय, अमेरिकेत मोठेमोठे प्लेयर शाळा कॉलेज सोडून परदेशात प्रो झाले, आणि तीन नावं फेकली, ब्रँडन जेनिंग्स, जेरेमी टायलर, लामेलो बॉल. पोरानं त्यातल्या जेनिंग्सचा फोटो कपाटाच्या दाराला लावलाय.

रविवारपर्यंत पन्नास हजार टोकन भरायचं नाहीतर सीट जाईल. बायको म्हणते बारावी झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, पोरगं आईशी बोलंना, आणि मी दोघांच्या मधे भरडायलोय. पैशाचं म्हणाल तर साडेचार लाख काढता येतील, एक लूम विकावा लागेल. पण उद्या त्यानं म्हणू नये की बापानं वाट अडवली. जाणकारांनी बोला.

सात_रस्ता

मालक, पैसे तुम्ही देणार आणि प्रो तो होणार? प्रो म्हणजे क्लब पोराला पगार देतो ओ. बाप क्लबला पगार द्यायला लागला तर त्याला क्लासची फी म्हणत्यात.

थर्ड_क्वार्टर

वरच्यानं एका ओळीत संपवलं खरं, पण ती तीन नावं आली म्हणून लांबलचक लिहितो, कारण एजंटनं नावं बरोबर सांगितलीत आणि गोष्ट अर्धीच सांगितलीय.

आधी हे लोक परदेशात गेलेच का ते समजून घ्या. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, पूर्वी शाळा संपली की डायरेक्ट जाता यायचं, केव्हिन गार्नेट १९९५ ला, कोबी १९९६ ला, लेब्रॉन २००३ ला असेच गेले. २००५ च्या करारात लीगनं नियम घातला की वय १९ पाहिजे आणि अमेरिकन पोराची शाळा संपून एक वर्ष झालेलं पाहिजे. म्हणजे १८ व्या वर्षी शाळा संपलेल्या पोरानं मधलं एक वर्ष काय करायचं, तर कॉलेजात फुकट खेळायचं, कारण तेव्हा कॉलेजचे प्लेयर पैसे घेऊ शकत नव्हते. या एका वर्षाच्या खड्ड्यामुळं परदेशाची वाट निघाली. आपल्या पोरापुढं हा खड्डा मुळातच नाही हे लक्षात घ्या.

जेनिंग्स २००८ ला रोमला गेला. शाळा पूर्ण करून गेला, हे एजंट सांगणार नाही. रोमच्या क्लबनं त्याला पैसे दिले, त्यावेळी आकडा १६.५ लाख डॉलर असा छापून आला होता, शिवाय बूट कंपनीचे वेगळे. आई आणि धाकटा भाऊ सोबत राहायला गेले. आणि हाय स्कूलमध्ये देशात वरच्या नंबरावर असलेला हा प्लेयर तिकडच्या लीगमध्ये मॅचला सरासरी पाच-सहा पॉइंट करत बसला, कारण युरोपातले कोच पोरगं बघून मिनिटं देत नाहीत, समोर तीस वर्षाचे बाप्ये असतात. पण शिकला, २००९ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीएच्या टीम दरवर्षी नवे प्लेयर नंबरानं निवडतात तो) दहावा गेला आणि पहिल्याच सीझनला नोव्हेंबरमध्ये एका मॅचमध्ये ५५ पॉइंट ठोकले. तो फोटो कपाटावर राहू द्या, चांगला फोटो आहे.

आता टायलर. तुमच्या पोराच्या जवळची केस हीच आहे. सॅन दिएगोचा, सहा फूट अकरा इंच, सगळ्या अमेरिकेचा लाडका, आणि २००९ मध्ये शाळेचं शेवटचं वर्ष बाकी असतानाच सोडून इस्रायलला हैफाच्या क्लबकडं गेला. अमेरिकन पोरानं शाळा अर्ध्यात सोडून परदेशात प्रो व्हायचं, असं तोवर कुणी केलं नव्हतं. १,४०,००० डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट. परक्या देशात अठरा वर्षाचं पोरगं. झालं काय, १० मॅच खेळला, सरासरी २.१ पॉइंट, टीममधल्या मोठ्या माणसांशी पटेना, कोच म्हणायचा याला मेहनत नको, आणि मार्च २०१० मध्ये सीझन संपायच्या आधी बॅग भरून घरी. त्यानंतर जपानला टोकियोच्या टीमकडं गेला, तिथं एनबीएत काम केलेला कोच मिळाला, खेळ सुधारला, तर मार्च २०११ च्या भूकंपानं सीझनच बंद पडला. ड्राफ्टमध्ये ३९ वा गेला. शाळेत असताना लोक त्याला पहिल्या पाचात धरत होते.

लामेलोचं तर मजाच आहे. १६ व्या वर्षी शाळेतून काढून बापानं लिथुआनियाला नेला, तिथं काही महिने झाले, आणि मग? परत अमेरिकेत येऊन ओहायोतल्या शाळेत बसला आणि शाळा पूर्ण केली. त्यानंतर २०१९ ला ऑस्ट्रेलियात खेळला, २०२० च्या ड्राफ्टमध्ये तिसरा गेला. म्हणजे तुमच्या एजंटनं ज्याचं उदाहरण दिलं तोच पोरगा शाळेत परत आलेला आहे.

बाकी चीनला गेलेला मुडिये, ऑस्ट्रेलियाला गेलेला फर्ग्युसन हे पण आहेत. पण एकाही पोरानं जायला पैसे भरलेले नाहीत.

रेल्वेवाला

मी जरा उलटं बोलणार आहे, शिव्या घालू नका.

मी स्वतः स्टेट खेळलोय, दोनदा नॅशनल कॅम्पला जाऊन आलो, नंतर स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत चिकटलो. लोक म्हणतात वा नशीब. नशीब आहेच, पगार वेळेवर, क्वार्टर, पास. पण तुम्हाला खरं सांगतो, २२ व्या वर्षी नोकरी लागली आणि २३ व्या वर्षी माझा खेळ थांबला. इंटर रेल्वे मॅच, तीन महिने कॅम्प, बाकी वर्षभर टेबल. मला एकदा गल्फमध्ये एका क्लबकडून बोलावणं आलं होतं, छोटंच काम होतं, पण खेळायचे पैसे देणार होते, बापानं सांगितलं सरकारी सोडून जातोस काय, मेलेलं तोंड बघशील. नाही गेलो. आज गुडघे दुखत्यात आणि ते आठवतं.

म्हणून शाळा शाळा करून पोराला पूर्ण बांधून घालू नका. आपल्याकडं नीट टिकलेली प्रो लीग कुठं आहे? २०१५ ला युबीए नावाची लीग निघाली, पुण्याची टीम पण होती त्यात, दोन-तीन वर्षात गुंडाळली. मग खेळाडूनं कुठं जायचं? बाहेरच जायला पाहिजे. आपलेच अमज्योत सिंग एनबीएच्या खालची जी लीग असते तिथल्या ओक्लाहोमाच्या टीमकडून खेळून आलेत, विशेष भृगुवंशी ॲडलेडला गेले होते.

पण हा एजंट सोडा. साडेचार लाख मागणारा माणूस एजंट नसतो. एजंट प्लेयरच्या पगारातनं टक्केवारी खातो, पगार नाही तर त्याला पण नाही. हा आधीच जेवायलाय.

थर्ड_क्वार्टर

@रेल्वेवाला भाऊ पटलं. फक्त अमज्योत आणि विशेष दोघं इंडिया टीमचे सीनियर प्लेयर होते, वय झालेलं, इंडियाच्या मॅच खेळून मग गेले. सतराव्या वर्षी बारावी सोडून नाही गेले.

सतरावरनं आठवलं, सतनाम सिंगचं कुणी लिहिलं नाही. पंजाबात बरनाला जिल्ह्यातलं गाव, बाप शेतकरी, उंची सात फूट दोन. २०१० ला १४ वर्षाचा असताना फ्लोरिडाला गेला, पण कशावर गेला, तर स्कॉलरशिपवर. इंग्लिश येत नव्हतं, तिथं शाळा आणि बास्केटबॉल दोन्ही करायला लावलं. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये डॅलसच्या टीमनं ५२ व्या नंबरला घेतला, भारतात जन्मलेला पहिला. आणि तरी एनबीएची एक मॅच खेळला नाही, डेव्हलपमेंट लीगच्या बेंचवर दोन सीझन, मग परत, मग डोपिंगची दोन वर्षाची बंदी, आणि पुढं कुस्तीकडं वळला, ती अमेरिकेतली टीव्हीवरची. सात फूट दोन ओ. स्कॉलरशिप, कोच, डाएट सगळं फुकट मिळून. हे घाबरवायला नाही सांगत, किती बारीक चाळणी आहे ते सांगतो.

उल्मकर

सोलापूरचाच, जुळे सोलापूर, गेली नऊ वर्षं जर्मनीत. ऑफिसच्या लोकांबरोबर इथल्या क्लबच्या पाचव्या-सहाव्या टीममध्ये शनिवारी खेळतो म्हणून थोडी माहिती आहे.

पहिलं म्हणजे फिबाचा, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेचा नियम. १८ वर्षं पूर्ण व्हायच्या आत एका देशातून दुसऱ्या देशात खेळाडूची ट्रान्सफर साधारणपणे करता येत नाही, खास केस असेल तरच, आणि त्यात शाळेचं काय हे क्लबला दाखवावं लागतं. परदेशात खेळायला आपल्या फेडरेशनचं क्लिअरन्सचं पत्र लागतं. एजंटला फिबाचं लायसन्स असतं, लायसन्स असलेल्यांची यादी फिबाच्या साइटवर उघडी आहे, कुणीही बघू शकतं. त्याला फक्त लायसन्स नंबर विचारा. बाकी काही विचारू नका, पुढं काय होतं ते बघा.

दुसरं, टुरिस्ट व्हिसा. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणाऱ्या) टुरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं आणि पैसे घेऊन खेळणं म्हणजे काम, ते त्या व्हिसावर चालत नाही. "सहा महिने ट्रेनिंग" आणि "टुरिस्ट व्हिसा" ही दोन वाक्यं एकत्र बसतच नाहीत. पोरगं ९१ व्या दिवशी तिथं बेकायदा होणार, आणि पुढं खरोखर एखाद्या क्लबनं बोलावलं तर व्हिसा मिळताना हेच आडवं येणार.

तिसरं, इथं क्लब म्हणजे गल्लोगल्ली आहेत. वर बीबीएल, खाली प्रोए, प्रोबी, त्याच्या खाली रेगिओनाललीगा आणि अजून खाली आमच्यासारखे पोट सुटलेले. "युरोपात क्लबचं कॉन्ट्रॅक्ट" म्हटलं तर यातलं कुठलंही असू शकतं. खालच्या लेव्हलला पोरं पेट्रोलच्या पैशावर खेळतात आणि दिवसा कामाला जातात.

आणि युरोपातले क्लब लहान पोरांना घेतात हे खरं आहे. लुका डॉन्चिच १३ व्या वर्षी स्लोव्हेनिया सोडून माद्रिदला गेला, १६ व्या वर्षी मोठ्या टीमकडून खेळला, १९ व्या वर्षी युरोलीगचा एमव्हीपी, म्हणजे सगळ्यात भारी प्लेयर. रिकी रुबिओ तर १४ व्या वर्षी स्पेनच्या लीगमध्ये उतरला. पण तिथं पोराचं राहणं, जेवण, शाळा हे सगळं क्लबच्या गळ्यात असतं. आमच्या शेजारच्याचा पोरगा इथल्या क्लबच्या ज्युनिअर टीममध्ये आहे, मार्क खाली गेले की कोचच प्रॅक्टिसला येऊ देत नाही, दोन आठवडे घरी बसवला होता त्याला.

आता एक प्रश्न, रागावू नका. सहा पाच उंचीचा तुमचा मुलगा सोलापुरात कुठं खेळतो? मला वाटतं बास्केटखाली उभा करत असतील. इथं सहा पाच म्हणजे गार्ड, बॉल पुढं आणणारा. सेंटर सात फुटाचा असतो. त्याला बॉल घेऊन कोर्ट पार करता येतं का, डाव्या हातानं? कुणी प्रेस टाकला, म्हणजे अंगावर येऊन घेरलं तर? ते व्हिडिओत आहे का?

पीटी_टीचर_बाई

उल्मकरांनी शेवटी जे विचारलं ते मी गेली वीस वर्षं बघते आहे. उंच पोरगं मिळालं की आम्हीच त्याचं नुकसान करतो, खोटं कशाला बोलू. जिल्हा जिंकायचा असतो, म्हणून उंच मुलाला सांगतो तू इथं रिंगखाली उभा राहा, हात वर कर, बॉल येईल, टाक. ड्रिबल करू नको, जाईल. चार वर्षं तो ड्रिबल करत नाही. मग स्टेटला त्याच्याएवढी चार मुलं समोर आली की त्याला काही सुचत नाही आणि लोक म्हणतात सोलापूरची पोरं मोठ्या मॅचला ढेपाळतात.

शाळेचं म्हणाल तर वडिलांनी एक गोष्ट समजून घ्यावी. बारावी सोडली तर फक्त बारावी जात नाही. अमेरिकेतल्या कॉलेजची दारं बंद होतात, आणि आजच्या घडीला तीच दारं सगळ्यात मोठी झालीत. पूर्वी कॉलेजचे खेळाडू पैसे घेऊ शकत नव्हते हे वर आलंच. जुलै २०२१ पासून ते जाहिरातीचे वगैरे पैसे घेऊ शकतात, आणि २०२५-२६ पासून कॉलेज स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतं, मोठ्या कॉलेजांना वर्षाला साधारण २ कोटी डॉलरची मर्यादा आहे सगळ्या खेळांत मिळून. म्हणून आता उलटी गंगा चालू आहे, युरोपातली चांगली चांगली पोरं कॉलेज खेळायला अमेरिकेत जायला लागलीत. आपल्या प्रिन्सपाल सिंगला ज्या इग्नाइट टीमनं २०२० मध्ये घेतलं, ती टीम कॉलेजला न जाता प्रो होणाऱ्या पोरांसाठीच काढली होती, ती २०२४ ला बंद केली, कारण पोरं कॉलेजकडं वळली. तुमच्या एजंटची कॅसेट दहा वर्षं जुनी आहे. परदेशी मुलांना स्टुडंट व्हिसावर ते पैसे घेताना अडचणी येतात हे पण सांगून ठेवते, पण शिक्षण, राहणं, जेवण यांची स्कॉलरशिप मिळू शकते आणि तीच मोठी आहे. मात्र तिथं वरच्या डिव्हिजनला खेळायला शाळेतले ठरलेले १६ विषय पास असल्याचं दाखवावं लागतं, आणि आधी प्रो कॉन्ट्रॅक्टवर सही केली असेल तर ते लोक ती उकरून काढतात. म्हणजे हा माणूस पोराला अशा कागदावर सही करायला सांगतोय की जो कागद त्याचा पुढचा रस्ता खाऊ शकतो.

अभ्यासाचा खरंच वेळ नसेल तर एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त शाळा बोर्ड आहे, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन परीक्षा होतात, एका वेळी दोन-तीन विषय काढले तरी चालतं. माझे दोन मुलगे, म्हणजे विद्यार्थी, असेच पास झाले. पण ते अमेरिकेला चालवायचं असेल तर विषय आधी विचारून घ्या, नाहीतर नंतर बोंब. बोर्डाचीच बारावी दिली तर खेळाचे गुण मिळतात, राज्य खेळलेल्याला ते सोडणं म्हणजे ताटातलं सांडणं. शिवाय सरकारी नोकरीतला ५ टक्के खेळाडू कोटा, त्याला तरी किमान शिक्षण लागतंच.

अजून एक. पोराचे गुडघे बघा. सिमेंटच्या कोर्टवर एवढ्या उंचीचं वजन उडी मारून खाली येतं, गुडघ्याच्या वाटीखाली दाबून दुखतं का विचारा. मुलं सांगत नाहीत.

सात_रस्ता

बाई एकदम कडक भाकरी ठेवली ताटात.

गच्ची_१४

मी तोच पोरगा. पप्पांच्या मोबाईलवर उघडं होतं, सगळं वाचलंय.

सगळे म्हणायले शाळा शाळा. कॉलेजात मी काय करायलोय ते मला विचारा की. ॲडमिशन एकीकडं, सगळे बसतेत क्लासमध्ये, क्लासचे सर म्हणतेत बाळा तू मागं बस, फळा दिसंना पोरांना. ओसीचे (कॉमर्सचा विषय) पॉइंट पाठ करायचे आणि लिहायचे. मी तिथं बसून प्रो होणार आहे काय. जेनिंग्स १९ व्या वर्षी ड्राफ्ट झाला, मी १९ व्या वर्षी एफवायला असणार. इथं प्रॅक्टिसला माझ्यासमोर पाच आठची पोरं असतात, मी कुणावर काय शिकू. स्टेटला मुंबईच्या सहा सहाच्या पोरासमोर मला पहिल्यांदा कळलं की मला खेळता येत नाही. म्हणून जायचंय. फिरायला नाही जायचं.

आणि उल्मकर दादा, डाव्या हाताचं खरं आहे. व्हिडिओत नाही. मी तेवढे कापले.

गुडघा दुखतो. आईला सांगू नका.

रेल्वेवाला

अरे तुझी आई पण वाचत असणार रे बाळा आता.

मला आवडलं तुझं लिहिलेलं. "खेळता येत नाही हे कळलं" असं म्हणायला मला वयाची तिशी लागली. ऐक, तुला मोठी पोरं पाहिजेत ना समोर, त्याला युरोप कशाला. संध्याकाळी सहा ते आठ आमची रेल्वेची टोळी खेळते, वय झालंय सगळ्यांचं पण धक्के देतो आम्ही. कोपर खाशील, शिट्टी वाजणार नाही. आणि तुला रिंगखाली उभं राहायला मिळणार नाही, ती जागा माझी आहे, तू बॉल आणायचा. फोनवर कॉलेजच्या पोरांचे मिक्सटेप बघतोस तेवढा वेळ आधी गुडघ्याच्या डॉक्टरला दे.

सुट्टीत पुण्याला जा, हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, तिथं तुझ्या उंचीची पोरं ढिगानं आहेत.

उल्मकर

बाळा, कापलेले व्हिडिओ जोडून पूर्ण मॅच एकदा मला पाठव, न कापता, चुका सकट. इथल्या ज्युनिअर कोचला दाखवतो, ओळखीचा आहे. तो खोटं बोलत नाही, कधीकधी बोलला असता तर बरं असं वाटतं. शब्द देत नाही कसला. कोचही बघताना ढापलेलं कापलेलं लगेच ओळखतात, हायलाइट बघतच नाहीत, टर्नओव्हर झाल्यावर, म्हणजे बॉल समोरच्याकडं गेल्यावर पोरगं मागं पळतं का ते बघतात.

आणि १८ पूर्ण झाल्यावर कुठला क्लब स्वतःच्या खर्चानं ट्रायलला बोलावत असेल तर तेव्हा बापाला मी स्वतः फोन करीन की पाठवा म्हणून.

टॉवेलवाला

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहायलोय, पाण्याचा दिवस होता, चार दिवसांनी आलं तर भरून घेण्यातच रात्र गेली.

त्या माणसाला लायसन्स नंबर विचारला. आधी म्हणाला हो हो पाठवतो. मग म्हणाला आमचं ऑफिस युरोपातलं आहे तिकडचे लोक बघतात. मग संध्याकाळी मेसेज आला की तुमच्यासाठी स्पेशल टोकन पंचवीस हजार करतो पण आजच. मी म्हटलं पोराची तुमच्याकडनं कुठल्या क्लबला ट्रान्सफर होणार त्या क्लबचं नाव तरी सांगा, तर ब्लॉक केलं. पोरगं शेजारीच बसलं होतं. काही बोलला नाही, उठून ग्राउंडवर गेला. मी पण काही बोललो नाही, अशा वेळी बापानं बघ मी म्हणत होतो असं म्हणू नये एवढं कळतं मला.

खरं सांगायचं तर मला आतनं थोडं वाईटच वाटलं. महिनाभर मी पण मनातल्या मनात युरोप बघत होतो. लूम कुठला विकायचा ते सुद्धा ठरवलं होतं, सात नंबरचा, त्याचा तसाही आवाज येतोय.

गुडघ्याचं आईला कळलंच, कारण आईनंच आधी वाचलं होतं. अस्थिरोग डॉक्टरकडं नेऊन आणला. वाढीच्या वयात गुडघ्याखाली होतं तसलं आहे म्हणे, सहा आठवडे उड्या बंद. चालणं, ड्रिबल चालेल. कॉलेजचं असं ठरलंय की बारावी बोर्डाचीच द्यायची, क्लास मात्र बंद, घरी बसून करतो म्हणतो. बायकोला पटलेलं नाही, पण दोघं बोलायला लागलेत, काल तिनं त्याला भाकरी वाढताना शेंगाचटणीवर दही घालू का विचारलं, त्यानं घाल म्हटलं, मी तेवढ्यावर खूश आहे. रेल्वेवाले भाऊ, सहा आठवडे झाले की पाठवतो, कोपर जरा बेतानं.

उड्या बंद आहेत म्हणून रात्री गच्चीवर डाव्या हातानं बॉल आपटत बसतोय. उजवा हात टॉवेलनं कमरेला बांधून घेतो, आपलाच टॉवेल, बाराशे ग्रॅमचा. काल पहिल्या मजल्यावरचे भाडेकरू दोनदा वर येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांचाच धाकटा बॉल गोळा करायला उभा होता.

एक शेवटचं विचारायचं होतं. डॉक्टर म्हणाले बूट बदला, आतलं कुशन गेलंय. १३ नंबर लागतो. नवी पेठ पालथी घातली, अकराच्या वर कुणाकडंच नाही, एक जण म्हणाला मागवतो पण पायाचं माप कागदावर काढून आणा, माझा विश्वास बसेना. ऑनलाइन मागवले ते आखूड आले. पुण्यात कुठं पायात घालून बघून घेता येतील असं दुकान कुणाला माहीत असेल तर सांगा, पुढच्या रविवारी हुतात्मानं जाणार आहोत दोघं.